बारा सदतीसची गाडी

आमच्या वाडीत लग्न वेळेवर लागतं. पत्रिकेत साडेअकरा छापलं असेल तर साडेअकरालाच वंदना सुरू होते, मग नवरदेव पोचलेला असो वा नसो. बाहेरच्या पाहुण्यांना हे खरं वाटत नाही. ते आपल्या सवयीनं साडेबाराला येतात आणि थेट पंगतीत बसतात. ही शिस्त आमच्या अंगात जन्मापासून नव्हती. ती एका माणसानं लावली आणि माझ्या मोजणीप्रमाणे त्याला त्यासाठी बावीस वर्षं लागली.

त्यांना सगळे कंट्रोलर म्हणत. बत्तीस वर्षं एसटीत होते, त्यातली शेवटची चौदा रत्नागिरीच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून. काचेच्या खोलीत बसून कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली ते भोंग्यावरून सांगायचं, हे काम. नोकरी सुरू असतानाच ते बौद्धाचार्य झाले. आमच्यात लग्न, नामकरण, मयत, सगळे विधी बौद्धाचार्य करतो. तो भटजी नसतो. आपल्यातलाच, शिकून तयार झालेला माणूस असतो. कंट्रोलरांनी आमच्या वाडीतली आणि आसपासच्या अकरा वाड्यांतली लग्नं लावली. किती लावली ते त्यांनी कधी सांगितलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "किती लावली ते सोड. किती टिकली ते विचार."

पांढरा झब्बा, पांढरा लेंगा, खांद्याला नायलॉनची पिशवी. पिशवीत मेणबत्त्या, काडेपेटी, पंचशीलाची छापील पानं आणि एक ओला नॅपकिन. उभे राहिले की आधी घसा खाकरत आणि स्टँडवरच्याच सुरात सांगत, "सर्वांनी आपापल्या जागा घ्याव्यात. फोन बंद करावेत. वंदना एका मिनिटात सुरू होत आहे." पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हसू यायचं. दुसऱ्यांदा ऐकणारा आधी खुर्ची शोधायचा.

एकदा मुंबईहून आलेल्या एका मोठ्या साहेबांच्या मुलीचं लग्न होतं. वरात रस्त्यात नाचत राहिली. घड्याळात वेळ झाली तेव्हा मंडपात बारा माणसं होती, त्यात दोन आचारी. कंट्रोलरांनी त्या बाराजणांना घेऊन वंदना केली आणि खुर्चीवर बसून राहिले. पाऊण तासानं वरात आली. साहेब तापले. कंट्रोलर शांतपणे म्हणाले, "वंदना झाली. आता प्रतिज्ञा घेऊया. ज्यांची चुकली त्यांनी मनात म्हणा." साहेबांनी पुन्हा आमच्या वाडीत कार्य केलं नाही. मात्र वाडीतल्या कुणीही त्यानंतर वरात लांबवली नाही.

मी स्वतः सरकारी कचेरीत आकडेवारीच्या टेबलावर काम करतो. तालुक्यांकडून येणारे तक्ते तपासायचे आणि बेरजा लावायच्या. त्यामुळे असेल, या माणसाशी माझं पटायचं. आमची वाडी संगमेश्वर तालुक्यात. घरं चाळीस, एरवी उघडी सव्वीस, मे महिन्यात सगळी. कंट्रोलरांचं घर वाडीच्या वरच्या टोकाला, विहाराला लागून. त्यांच्या जन्माच्या आधी दोन वर्षं वाडीनं दीक्षा घेतली आणि देव्हारे नदीत सोडले. ते म्हणत, "आमच्या घरात देव्हारा कुठल्या कोपऱ्यात होता ते मला माहीत नाही. असा मी वाडीतला पहिला माणूस." हे ते असं सांगत, जसं दुसरा कुणी आपल्या पदवीबद्दल सांगतो.

पण ते सोवळे नव्हते. एका लग्नात कुणीतरी जास्तीच्या उत्साहानं म्हणालं की आपण आता नारळ वापरणंच बंद केलं पाहिजे. कंट्रोलर म्हणाले, "देवापुढे फोडायचा नाही. सोलकढीला कोण नको म्हणतंय? उद्या भातही सोडाल, अक्षता तांदळाच्या असतात म्हणून."

जूनमध्ये शाळा उघडली की पहिलीत जाणाऱ्या पोरांना घेऊन ते स्वतः शाळेत जात. पोरांचे आईबाप बरोबर असत, पण पुढे कंट्रोलर. मास्तर सवयीनं धर्माच्या रकान्यात 'हिंदू' लिहीत. त्यात त्यांचा वाईट हेतू नसे. वर्षानुवर्षं हात तसाच वळलेला. कंट्रोलर फॉर्म मागून घेत आणि मास्तरांनाच मोठ्यानं वाचायला सांगत. रकाना आला की मास्तर थांबत, खोडत आणि 'बौद्ध' लिहीत. आईबापांना धास्ती असायची की असं लिहिलं तर सवलत जाईल. कंट्रोलर दरवर्षी तेच समजावत की सवलत जात नाही, कायद्यात आहे, आणि कायद्याच्या प्रतीची घडी पिशवीतून काढून दाखवत. माझ्या मुलीचा फॉर्म त्यांनी असाच दुरुस्त करून घेतला. ती तेव्हा सहा वर्षांची. घरी येऊन तिनं आईला सांगितलं की आजोबांनी मास्तरांचा धडा घेतला.

आकड्यांच्या माणसाला यातलं मोल कळतं. चुकीच्या रकान्यात पडलेला माणूस बेरजेत असतो, पण त्याच्या स्वतःच्या माणसांच्या बेरजेत नसतो. वर्षाला पाच-सहा पोरं. बावीस वर्षांत आमच्या वाडीचं एकही पोर चुकीच्या रकान्यात गेलं नाही. हे मी तपासून लिहितो आहे.

शिमग्याची गोष्टही सांगायला हवी. गावच्या होळीच्या होमाला पहिली गवताची पेंढी आमच्या वाडीतून जायची, हा जुना मान होता. दीक्षेनंतर वाडीनं तो सोडला. ग्रामदेवतेची पालखी मात्र आमच्या वाडीत तेव्हाही येत नव्हती आणि नंतरही नाही. काही वर्षांपूर्वी गावचे चार मानकरी वाडीत आले. चांगल्या मनानं आले होते. म्हणाले, मान परत घ्या, यंदा पालखीही तुमच्या वाडीत आणू. आमच्या पोरांतले काही खूष झाले. कंट्रोलरांनी पाहुण्यांना चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुम्ही आलात, बरं वाटलं. पण आम्ही कुठं उभं राहायचं ते तुम्हीच ठरवणार. मग त्याला मान कसं म्हणू?" मग त्यांनीच आमंत्रण दिलं की बुद्धपौर्णिमेला खीर असते, या. त्या वर्षी कुणी आलं नाही. पुढच्या वर्षी त्या चौघांतले सर्वांत म्हातारे मानकरी एकटे आले, विहाराच्या पायरीवर बसले आणि दोन वाट्या खीर खाऊन गेले. कंट्रोलरांनी त्यांच्याशी फक्त आंब्याच्या मोहोराबद्दल गप्पा मारल्या.

आता माझ्या मुलीच्या लग्नाचं.

मुलगी औषधनिर्माणशास्त्र शिकली, रत्नागिरीत नोकरीला लागली. स्थळ सावर्ड्याचं, आपल्यातलंच. मुलगा सालस. विहीणबाई अंगणवाडी सेविका, कमी बोलणाऱ्या. त्यांचा मोठा मुलगा लग्नानंतर अकरा महिन्यांनी हायवेला अपघातात गेला होता. मोठी सून त्यांच्याकडेच राहत होती.

पत्रिका मी छापून घेतल्या, दोनशे चाळीस. मजकूर मुलाकडच्यांनी मोबाइलवर पाठवला होता: मंगल परिणय, रविवार, दुपारी बारा वाजून सदतीस मिनिटांनी. छापखान्यातला नमुना मी तीनदा तपासला. तारीख आणि वार जुळतो का, रत्नागिरीच्या हॉलचा पत्ता बरोबर आहे का, भाट्याकडून येणाऱ्यांना वळण कळेल का. सदतीस मिनिटं वाचून मला उलट बरंच वाटलं. म्हटलं, ही माणसं मिनिटाची किंमत जाणणारी दिसतात. ही चूक माझी आणि ती मी कुणावर ढकलत नाही.

पहिली पत्रिका कंट्रोलरांना द्यायला गेलो. ते पडवीत सुपारी कातरत बसले होते. त्यांनी पत्रिका पुढून वाचली, मागून वाचली, परत पुढून वाचली.

"हे सदतीस कुठलं?"

मी म्हटलं, मुलाकडून आलंय.

"मी बत्तीस वर्षं गाड्या सोडल्या. बारा पंधराची होती, साडेबाराची होती. बारा सदतीसची एकही नव्हती. सदतीस कुणी ठरवत नाही. सदतीस कुणीतरी काढून देतं."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पंचांगाशिवाय हा आकडा येत नाही. तीन-तीनदा तपासणारा मी, आणि नेमका आकडाच मला दिसला नव्हता. माझ्या आजोबांनी छातीएवढ्या पाण्यात उभं राहून देव सोडले आणि त्यांच्या पणतीच्या लग्नात मुहूर्त माझ्या हातानं छापला गेला.

कंट्रोलरांनी पत्रिका परत माझ्या हातात दिली. "मी येणार नाही," एवढंच म्हणाले आणि अडकित्ता उचलला.

लग्नाला एकोणीस दिवस होते. बायको म्हणाली, दुसरे बौद्धाचार्य बघा. वीस किलोमीटरच्या आत चौघे होते, नावं मला पाठ होती. मुलगी म्हणाली, लग्न लावतील तर तेच लावतील, नाहीतर मी रजिस्टर ऑफिसात जाईन. मी सावर्ड्याला फोन केला. मुलगा ओशाळला, म्हणाला आईला विचारून सांगतो. तासाभरानं उत्तर आलं की आई वेळ बदलायला तयार नाही. वेळ बदलायची असेल तर लग्न पुढे ढकला म्हणते.

एकीकडे मुलीचं ठरलेलं लग्न, दुसरीकडे आमचं सत्तर वर्षांचं चालणं. मी कंट्रोलरांकडे परत गेलो आणि जे होतं ते सांगितलं. त्यांनी विचारलं, "बाई म्हणाली की आणखी कोण?" मी म्हटलं, बाईच. "मग चला," म्हणाले, "सावर्ड्याला जाऊ."

दुसऱ्या दिवशी एसटीनं गेलो. विहीणबाईंनी चांगलं बसवलं. मोठी सून पाणी घेऊन आली आणि आतल्या दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. माझी तयारी होती की कंट्रोलर आता समजावायला लागतील. पण सुरुवात विहीणबाईंनीच केली. म्हणाल्या, मला कळतं हे आपल्यात नाही. पण थोरल्याच्या वेळी पण वेळ काढली होती, गुपचूप, दहा बावन्नची. लग्न लागलं सव्वाअकराच्या पुढे. वेळ टळली. अकरा महिन्यांत तो गेला. आता धाकट्याची टळू देणार नाही.

"उशीर कशानं झाला?" कंट्रोलरांनी विचारलं.

विहीणबाईंनी चौकटीकडे पाहिलं. "हिच्यामुळं. पार्लरवाली आली होती, केसांत वेळ गेला."

सून हलली नाही. तिच्या हातात रिकामा तांब्या होता, तो तिनं दुसऱ्या हातात घेतला. हे वाक्य तिनं पहिल्यांदा ऐकलं नव्हतं, एवढं मला दिसलं.

कंट्रोलरांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. मग म्हणाले, "बाई, उशिरा सुटलेली गाडी उशिरा पोचते. तेवढंच होतं. ट्रकवाला आला त्याला तुमचं दहा बावन्न माहीत नव्हतं." विहीणबाईंनी पदर डोळ्याला लावला. कंट्रोलरांनी पुढे तो विषय वाढवला नाही. म्हणाले, "पत्रिका छापल्यात, त्या खोडायच्या नाहीत. मी येतो. पण सुरुवात तुम्ही सांगायची. तुम्ही 'करा' म्हणाल तेव्हा करीन. सदतीसला म्हणालात तर सदतीसला. आधी नाही आणि नंतर माझ्या मनानंही नाही."

मला धक्का बसला. परतीच्या गाडीत मी म्हटलं, "तुम्ही वाकलात." ते ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर खिडकीशी बसले होते. म्हणाले, "तिला आजवर लोकांनी वेळ काढून दिली. एकदा तिची तिला ठरवू दे. सदतीस म्हणाली तर माझी हार, मी घेईन."

ही हार लहान नव्हती. बातमी आधीच वाडीत पोचली होती. विहाराच्या कट्ट्यावर बसलेली पोरं ते जाताना एकमेकांना विचारायची, आज राहुकाळ कधी आहे रे. एका म्हातारीनं तोंडावर म्हटलं, "जल्लं, आमच्या पोरीच्या लग्नाला पाच मिनटं थांबला नाय, आणि आता सावर्डेकरणीच्या मुहूर्ताला उभा रावतोय." ते म्हणाले, "खरं हाय तुझं, आक्के." आणि पुढे गेले. ज्या माणसाच्या शब्दावर बारा वाड्यांची लग्नं चालतात, त्याचा शब्दच एका बाईच्या हातात गेला होता. ती सदतीसला 'करा' म्हणाली असती तर पुढच्या प्रत्येक पत्रिकेत असा आकडा आला असता, आणि अडवायला तोंड उरलं नसतं.

लग्नाच्या दिवशी मी हॉलमध्ये नऊपासून होतो. बारा वीसला सगळी तयारी झाली. बुद्धमूर्ती, फुलं, पाच मेणबत्त्या. नवरा-नवरी पांढऱ्या कपड्यांत पुढे बसलेली. हॉल भरलेला, माझ्या मोजणीनं तीनशेच्या आतबाहेर. कंट्रोलर मूर्तीशेजारी उभे. घसा खाकरला नाही, जागा घ्या म्हणून सांगितलं नाही. हात मागे बांधून नुसते उभे.

साडेबारा झाले. आमच्या वाडीची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. बारा तेहेतीस. विहीणबाई पहिल्या रांगेत, हात मांडीवर. त्यांचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे होतं आणि माझंही. कंट्रोलर तेवढे घड्याळाकडे बघत नव्हते.

बारा छत्तीसला विहीणबाई उठल्या. मला वाटलं, आता म्हणणार.

त्या कंट्रोलरांकडे गेल्याच नाहीत. वळल्या आणि खुर्च्यांमधल्या वाटेनं मागे चालायला लागल्या. शेवटच्या रांगेत खांबाला लागून त्यांची मोठी सून बसली होती. मांडीवर सगळ्यांच्या पर्सा आणि कुणाचं तरी झोपलेलं मूल. तिला कुणी मागे बस म्हटलं नव्हतं. तिची तीच तिथे जाऊन बसली होती आणि तीनशे माणसांत कुणाला, मलाही, त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. लग्नात पहिल्या रांगेत विधवा नको, हे आमच्यात नाही असं आम्ही म्हणतो. देव्हारे नदीत गेले, हे मात्र आमच्याबरोबर हॉलमध्ये येऊन खांबाशी बसलं होतं.

पुढचं माझ्या बायकोनं ऐकलं, ती जवळ होती.

विहीणबाई म्हणाल्या, "पुढं चल."

सून म्हणाली, "आई, वेळ होत्येय. तुम्ही जा."

"होऊ दे."

"आई, सदतीस झाली."

"झाली तर झाली. त्या दिवशी पण तुझं काय चुकलं नव्हतं. ऊठ."

मूल त्याच्या आईकडे द्यायला वेळ गेला. पर्सा कुणाच्या कुठल्या ते कळेना, शेवटी खुर्चीवरच ठेवल्या. वाट अरुंद, माणसं पाय आखडून घेत होती. पहिल्या रांगेत खुर्ची रिकामी नव्हती. माझा भाऊ उठला. सून बसली, तिच्या शेजारी विहीणबाई बसल्या, साडीचा पदर सारखा केला आणि मान वर करून कंट्रोलरांना म्हणाल्या, "करा आता."

मी घड्याळ पाहिलं. बारा एक्केचाळीस.

कंट्रोलरांनी मेणबत्त्या लावल्या. वंदना सुरू केली तेव्हा त्यांचा आवाज पहिल्या ओळीला चिरकला. एवढ्या वर्षांत मी तो कधी चिरकलेला ऐकला नव्हता. तिसऱ्या ओळीपर्यंत तो जागेवर आला आणि मागून सगळा हॉल म्हणायला लागला. विहाराच्या कट्ट्यावर राहुकाळ विचारणारी पोरं सर्वांत मोठ्यानं म्हणत होती.

कंट्रोलर जाऊन आता दोन वर्षं होतील. त्यांच्यानंतर आमच्याकडे दोन तरुण बौद्धाचार्य तयार झाले आहेत, त्यातली एक मुलगी आहे. आमच्यातल्या पत्रिका घरी येतात तेव्हा मी आधी वेळ वाचतो. साडेदहा, अकरा, साडेबारा. सदतीस परत दिसलेलं नाही. काहींना हा माणूस हट्टी वाटला, काहींना शेवटी शेवटी नरम. मला विचाराल तर वाडी म्हणून आम्ही जे काही ताठ उभे आहोत त्यातला मोठा भाग या माणसाचा आहे, आणि हे लिहिताना मी काही वाढवून लिहिलेलं नाही.

त्या दिवशी फुलं टाकून झाली, जेवणाची घाई सुरू झाली, तेव्हा कंट्रोलर विवाहाचा दाखला भरायला टेबलाशी बसले. नावं, पत्ते, वयं लिहून झाली. वेळ लिहायची होती. त्यांनी विहीणबाईंना विचारलं, किती वाजता लावलं? त्या म्हणाल्या, मी नाही बघितलं बाई, सगळी बसल्यावर लावलं. मी मागून म्हणालो, बारा एक्केचाळीस. कंट्रोलरांनी ते आकड्यात लिहिलं आणि शेजारी अक्षरीही लिहिलं. मग कागद फिरवला. वराकडचे एक काका साक्षीदार म्हणून सही करायला पेन काढून तयार होते. विहीणबाईंनी त्यांना थांबवलं, पेन घेतलं आणि मोठ्या सुनेच्या हातात दिलं. पंख्यानं कागद उडत होता. तिची सही पूर्ण होईपर्यंत तो दोन्ही हातांनी दाबून विहीणबाई उभ्या राहिल्या.